भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण परळमध्ये झालं, पण तेव्हा परवानगी कुणाची घ्यायची हे सांगणारा कायदाच नव्हता

देऊळगाव राजा. आश्विनातली बालाजीची यात्रा. सुट्टी काढून मी घरी आले होते. रात्री जेवणं झाल्यावर मोबाईल चाळत बसले होते, तेवढ्यात एक रील समोर आलं. ॲम्ब्युलन्स निघालीय, पोलीस हात दाखवून गाड्या बाजूला काढतायत, सगळे सिग्नल थांबवलेत आणि आत एका पेटीत कुणाचं तरी हृदय. रील संपलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. लगेच सरकारी पोर्टल शोधलं, आधार क्रमांक टाकला, ओटीपी टाकला आणि पाच-दहा मिनिटांत अवयवदानाची नोंदणी करून मोकळी झाले.

आईला उत्साहानं सांगितलं. तिनं आधी विचारलं की घरात कुणाला विचारलं होतंस का. मी म्हणाले शरीर माझं आहे, त्यात विचारायचं काय. ती थोडा वेळ गप्प बसली. मग तिनं विचारलं, की उद्या तशी वेळ आलीच तर डॉक्टर परवानगी मागायला कुणाकडे येणार, माझ्याकडे की तिच्याकडे?

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते शोधायला बसले आणि पोचले थेट १९६८ सालच्या मुंबईत, परळच्या केईएम हॉस्पिटलमध्ये. तिथं एक सर्जन होते, डॉ. प्रफुल्लकुमार सेन. वैद्यकीय जगात पी. के. सेन म्हणून ओळखले जाणारे. आईनं मला विचारलेला प्रश्न या माणसासमोर सगळ्यात अवघड रूपात उभा राहिला होता. कारण तेव्हा उत्तर द्यायला कायदाच नव्हता.

कोण होते पी. के. सेन?

सेन मूळचे बंगाली, जन्म १९१५ चा. पण त्यांची कर्मभूमी मुंबई. परळमधलं केईएम हॉस्पिटल आणि त्याला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज या दोन्ही संस्था १९२६ मध्ये सुरू झालेल्या. महापालिकेचं हॉस्पिटल. आजूबाजूला गिरण्या, चाळी, कामगार वस्ती. इथं येणारा पेशंट बहुतेक वेळा हातावर पोट असलेला. सेन यांनी आपली कारकीर्द याच हॉस्पिटलमध्ये घडवली. मध्ये अमेरिकेत जाऊन प्रशिक्षण घेतलं आणि परत परळलाच आले.

१९५० च्या दशकात हृदयाची शस्त्रक्रिया हे प्रकरण जगातच नवं होतं. भारतात तर हृदयाला हात लावायचा म्हणजे मोठं धाडस. त्या काळात लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब झालेले तरुण रुग्ण मोठ्या संख्येनं असायचे. सेन यांनी अशा झडपा मोकळ्या करण्याच्या शस्त्रक्रिया केईएममध्ये सुरू केल्या. पुढे हृदय थांबवून, ते उघडून करायच्या शस्त्रक्रियांची तयारी केली. त्यासाठी लागणारं हार्ट-लंग मशीन मिळवणं, ते चालवायला माणसं तयार करणं, सुटे भाग मिळाले नाहीत तर इथंच जुळवाजुळव करणं, हे सगळं त्यात आलं. परदेशात बटण दाबलं की होणाऱ्या गोष्टीसाठी इथं आधी ते बटण बनवायला लागायचं.

सेन यांचं डोकं किती वेगळ्या दिशेनं चालायचं याचं एक उदाहरण फार भारी आहे. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाचा स्नायू आपल्यासारखा फक्त बाहेरच्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून नसतो. हृदयाच्या आतल्या कप्प्यातलं रक्त थेट स्नायूत झिरपतं. सेन यांना वाटलं, माणसाच्या हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली तर स्नायूला बारीक छिद्रं पाडून आतूनच रक्त का पोचवू नये? १९६५ मध्ये त्यांनी तेहेम्टन उडवाडिया आणि इतर सहकाऱ्यांबरोबर हा प्रयोग अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात मांडला. पुढे कित्येक वर्षांनी हीच कल्पना लेझर वापरून जगभर तपासली गेली.

म्हणजे सेन हे कुणाची तरी नक्कल करणारे सर्जन नव्हते. परळमध्ये बसून जगाच्या बरोबरीनं विचार करणारे होते.

शंभर प्रयोग आणि एक मूत्रपिंड

हृदय प्रत्यारोपण ही एका रात्रीत सुचलेली गोष्ट नव्हती. जगात पहिलं हृदय बदललं जाण्याच्या कितीतरी आधी केईएमच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदय प्रत्यारोपणाचे प्रयोग सुरू झाले होते. जी. बी. परुळकर, शरद पांडे, एस. जी. किणरे हे सेन यांचे सहकारी. या चौघांच्या नावानं १९६५ मध्ये अशा शंभर प्रयोगांचा अहवाल छापून आला. ही तारीख लक्षात ठेवा, कारण केपटाऊनची बातमी जगभर गाजली ती त्यानंतर दोन वर्षांनी.

त्याच वर्षी केईएममध्ये आणखी एक गोष्ट झाली. मृत व्यक्तीचं मूत्रपिंड काढून दुसऱ्या रुग्णाला बसवण्यात आलं. भारतात माणसावर झालेलं हे पहिलं मूत्रपिंड प्रत्यारोपण मानलं जातं.

आता इथं जरा थांबूया. कारण मूत्रपिंड आणि हृदय यांच्यात एक मोठा फरक आहे आणि सगळी गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

आपल्याकडे मूत्रपिंडं दोन असतात. जिवंत माणूस एक देऊन नीट जगू शकतो. माणूस गेल्यावर, हृदय बंद पडल्यावरही लगेच काढलं तर मूत्रपिंड वापरता येतं. डोळ्याच्या पारपटलाचं तर आणखी सोपं. मृत्यूनंतर सहा तासांपर्यंत ते काढता येतं. पण हृदय? ते एकच. जिवंत माणूस ते देऊ शकत नाही. आणि बंद पडून बराच वेळ गेलेलं हृदय त्या काळच्या तंत्रात दुसऱ्याला बसवण्याच्या कामाचं नव्हतं.

म्हणजे दाता मेलेला हवा, पण त्याचं हृदय अजून चांगलं हवं. हे कसं जमायचं?

केपटाऊनची बातमी येते

३ डिसेंबर १९६७. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं. दाता होती डेनिस डार्वाल ही तरुणी. रस्ता ओलांडताना कारनं उडवलं, डोक्याला जबर मार लागला. तिची आईही त्याच अपघातात गेली. डॉक्टरांनी परवानगी मागितली ती डेनिसच्या वडिलांकडे. एकाच दिवशी बायको गेलेल्या आणि मुलगी वाचणार नाही हे नुकतंच कळलेल्या त्या माणसाला हे ठरवायला लागलं. त्यांनी हो म्हटलं. ज्याला हृदय बसवलं तो लुई वॉशकान्स्की १८ दिवस जगला.

ही बातमी जगभर पहिल्या पानावर गेली. तीनच दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कॅन्ट्रोविट्झ यांनी एका बाळावर ही शस्त्रक्रिया केली. जानेवारीत बर्नार्ड यांनी दुसरी केली, मग कॅलिफोर्नियात नॉर्मन शमवे यांनी एक केली आणि पुन्हा कॅन्ट्रोविट्झ यांनी एक. एकूण पाच शस्त्रक्रिया, सर्जन तीन.

सहावी कुठे झाली? परळमध्ये.

१७ फेब्रुवारी १९६८

रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका तरुण स्त्रीचं हृदय सेन यांच्या टीमनं २७ वर्षांच्या एका शेतकऱ्याच्या छातीत बसवलं. त्याचं स्वतःचं हृदय पार थकलं होतं. प्रत्यारोपित हृदय चाललं. पण रुग्ण तीन तासच जगला.

जगात हृदय प्रत्यारोपण करणारे सेन चौथे सर्जन ठरले. भारत आणि आशिया या दोन्हींसाठी हे पहिलं होतं. यात श्रीमंत देशातलं विद्यापीठ नव्हतं, महापालिकेचं सरकारी हॉस्पिटल होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेन यांनी दुसरा प्रयत्न केला. तो रुग्ण १४ तास जगला. १९६९ मध्ये भारत सरकारनं सेन यांना पद्मभूषण दिलं.

ही झाली नेहमी सांगितली जाणारी गोष्ट. यात सर्जनचं नाव असतं, तारीख असते, जगातला नंबर असतो. पेशंट किती तास जगला हेही असतं. ज्या बाईचं हृदय होतं, ती मात्र बहुतेक वेळा एका ओळीत येते आणि जाते. रेल्वेतून पडली, बस.

पण नैतिकतेच्या बाजूनं बघितलं तर या गोष्टीतली सगळ्यात महत्त्वाची व्यक्ती तीच आहे. कारण शेतकरी ऑपरेशनला तयार आहे की नाही हे त्याला विचारता येत होतं. तिला काहीच विचारता येत नव्हतं.

मेला म्हणजे नक्की काय झालं?

शेकडो वर्षं मृत्यूची व्याख्या सोपी होती. श्वास थांबला, नाडी थांबली, माणूस गेला. गावात आजही वैद्य किंवा डॉक्टर येऊन नाडीच बघतात. पण व्हेंटिलेटर आला आणि ही व्याख्या डळमळली.

डोक्याला एवढा मार लागतो की मेंदूचं काम कायमचं थांबतं. श्वास घ्यायचा आदेश देणारा मेंदूचा भागच मरतो. पण व्हेंटिलेटर फुप्फुसात हवा भरत राहतो. हृदयाला स्वतःची लय असते, प्राणवायू मिळत असेल तोवर ते काही काळ चालू राहतं. अंग गरम असतं. छाती वरखाली होत असते. मॉनिटरवर रेघ उड्या मारत असते. नातेवाईकांना वाटतं आपला माणूस झोपलाय. प्रत्यक्षात तो परत येणार नसतो. यालाच आज आपण ब्रेन डेथ किंवा मेंदूमृत्यू म्हणतो.

कोमा वेगळा. कोमातला माणूस जिवंत असतो, शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत्यू झालेला माणूस मेलेला असतो, त्याचे काही अवयव तेवढे यंत्राच्या आधारावर टिकलेले असतात.

फेब्रुवारी १९६८ मध्ये भारताच्या कोणत्याच कायद्यात मेंदूमृत्यू नव्हता. महाराष्ट्रात काय होतं? १९४९ चा शरीररचनाशास्त्राचा कायदा होता. बेवारस मृतदेह मेडिकल कॉलेजला शिकवण्यासाठी कसे द्यायचे, हे तो सांगत होता. १९५७ चा पारपटल प्रत्यारोपणाचा कायदा होता. तो डोळ्यांपुरता. हृदयाबद्दल चकार शब्द नव्हता. त्यात मुंबईत अपघाती मृत्यू झाला की तो तेव्हा कॉरोनरच्या अखत्यारीत जायचा, म्हणजे मृतदेहावर पोलीस आणि कायदा यांचाही हक्क.

आता सर्जनच्या जागी उभे राहून बघा. एका खाटेवर एक तरुण शेतकरी, ज्याच्यापुढे दुसरा मार्ग नाही. दुसऱ्या खाटेवर एक तरुण बाई, जिचा मेंदू गेलाय. तिला मृत कुणी ठरवायचं? तुम्हीच ठरवलं तर उद्या कुणी म्हणेल की हृदय हवं होतं म्हणून घाईनं मृत ठरवलं. परवानगी कुणाकडे मागायची? नवऱ्याकडे, वडिलांकडे, की पोलिसांकडे? आणि मागायची कधी, ती गेल्याचं सांगण्याआधी की नंतर?

सेन यांची टीम कायद्यातली ही पोकळी डोळ्याआड करून बसली नव्हती. मेंदूमृत्यूच्या कल्पनेवर त्यांनी सरकारी पातळीवर बोलणी सुरू केली होती. पण बोलणी सुरू असणं वेगळं आणि नियम लिहिलेला असणं वेगळं. नियम नसतो तेव्हा सगळा भार डॉक्टरच्या सद्सद्विवेकावर आणि दुःखात बुडालेल्या एखाद्या नातेवाइकावर पडतो. सेन चांगले होते म्हणून व्यवस्था चांगली होती, असं म्हणता येत नाही.

असाच प्रश्न, तीन ठिकाणी

हा फक्त भारताचा गोंधळ होता असं नाही. १९६८ या एकाच वर्षात जगभरात शंभराच्या आसपास हृदय प्रत्यारोपणं झाली आणि नियम मागून धावत होते. हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनं मेंदूमृत्यूचे निकष जाहीर केले ते ऑगस्ट १९६८ मध्ये. म्हणजे परळच्या शस्त्रक्रियेनंतर जवळपास सहा महिन्यांनी.

संमतीचा मुद्दा हलक्यात घेतला तर काय होतं, हे दोन देशांनी बघितलं.

पहिला अमेरिका. मे १९६८. व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंडमध्ये ब्रूस टकर हा कृष्णवर्णीय कामगार पडला आणि त्याच्या डोक्याला मार लागला. हॉस्पिटलनं त्याचं हृदय काढून एका गोऱ्या व्यावसायिकाला बसवलं. घरचं कुणी सापडलं नाही म्हणून मृतदेह बेवारस धरला गेला. पण त्याचा भाऊ त्याच शहरात होता, त्याचं चपला-बुटांचं दुकान होतं. हृदय गेल्याचं कुटुंबाला नंतर कळलं. भावानं खटला भरला. १९७२ मध्ये ज्यूरीनं डॉक्टरांच्या बाजूनं कौल दिला, पण गरिबाचं शरीर न विचारता घेता येतं, हा डाग मात्र राहिला.

दुसरा जपान. ऑगस्ट १९६८. साप्पोरो शहरात डॉ. जुरो वाडा यांनी बुडालेल्या एका तरुणाचं हृदय दुसऱ्या तरुणाला बसवलं. रुग्ण ८३ दिवस जगला. सुरुवातीला कौतुक झालं. मग शंका आल्या. दाता खरंच मेला होता का? ज्याला हृदय दिलं त्याला खरंच गरज होती का? वाडा यांच्यावर खुनाची तक्रार झाली. खटला उभा राहिला नाही, पण लोकांचा विश्वास उडाला. जपानला अवयव प्रत्यारोपणाचा कायदा करायला १९९७ साल उजाडलं आणि पुढचं हृदय प्रत्यारोपण १९९९ मध्ये झालं. एका प्रकरणातल्या अविश्वासामुळे एका प्रगत देशाची ३० वर्षं गेली. त्या ३० वर्षांत हृदयाची वाट बघत किती लोक गेले असतील, विचार करा.

म्हणून संमती ही फाईलला लावायची औपचारिकता नाही. लोकांचा विश्वास त्यावर उभा असतो. तो गेला की सर्जन कितीही हुशार असो, त्याच्यापर्यंत हृदय पोचतच नाही.

मग सगळं थांबलं

१९७० उजाडेपर्यंत हा उत्साह ओसरला. शस्त्रक्रिया जमत होती, पण शरीर परकं हृदय स्वीकारत नव्हतं. बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा महिन्यांत जात होते. जगातल्या बहुतेक हॉस्पिटलांनी हृदय प्रत्यारोपण बंद केलं. शमवे यांच्यासारखे मोजकेच लोक चिकाटीनं काम करत राहिले. भारतात सेन यांच्या दुसऱ्या प्रयत्नानंतर मोठी शांतता पसरली.

आणखी एक टीका तेव्हापासून होते आणि ती रास्त आहे. ज्या शहरात क्षयरोगानं आणि कुपोषणानं माणसं मरत होती, तिथं तीन तासांच्या आयुष्यासाठी एवढा खटाटोप का? याचं एकच एक उत्तर नाही. सेन यांच्या बाजूनं एवढं म्हणता येईल की हृदय प्रत्यारोपण करायला तयार झालेली टीम, यंत्रं आणि शिस्त हीच नंतर हजारो साध्या हृदय शस्त्रक्रियांच्या उपयोगी पडते. आणि त्या शस्त्रक्रिया परळच्या हॉस्पिटलमध्ये गरिबांवरच होत होत्या.

सेन १९८२ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, अमेरिकेत सायक्लोस्पोरिन या औषधाला मान्यता मिळाली. परका अवयव शरीरानं नाकारू नये यासाठीचं हे औषध. त्यानं सगळं चित्र बदललं. ज्या गोष्टीमुळे सेन यांचे प्रयत्न टिकू शकले नाहीत, तिच्यावरचा उपाय ते गेल्यानंतरच्या वर्षी आला.

कायदा आला, पण कसा?

१९८० च्या दशकात औषधं आली, प्रत्यारोपण यशस्वी व्हायला लागलं आणि त्याबरोबर बाजारही आला. गरिबांची मूत्रपिंडं विकत घेतली जाऊ लागली. त्यात मुंबईचंही नाव येत होतं. परदेशातले पेशंट इथं येऊन मूत्रपिंड बसवून जात होते. कागदावर गरीब माणसाची सही असायची. पण कर्जानं पिचलेल्या माणसाच्या सहीला संमती म्हणायचं का?

महाराष्ट्रानं १९८२ मध्ये मूत्रपिंडापुरता एक कायदा केला होता. पण देशभरासाठी कायदा झाला तो १९९४ मध्ये, मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा. ४ फेब्रुवारी १९९५ पासून तो महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. त्याच्या थोडं आधी, ३ ऑगस्ट १९९४ ला, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी भारतातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं होतं.

परळमध्ये सेन यांच्यासमोर जे प्रश्न होते, त्यांची उत्तरं या कायद्यानं आणि नंतरच्या सुधारणांनी दिली. ती अशी:

मृत कुणी ठरवायचं? चार डॉक्टरांच्या मंडळानं. हॉस्पिटलचे प्रमुख, मेंदूविकार तज्ज्ञ, बाहेरचे स्वतंत्र तज्ज्ञ आणि उपचार करणारे डॉक्टर. तपासण्या दोनदा, मध्ये किमान सहा तासांचं अंतर.

हृदय काढणाराच मृत ठरवू शकतो का? नाही. प्रत्यारोपण करणाऱ्या टीमचा कुणीही या मंडळावर चालत नाही.

अवयव विकता येतो का? नाही. विकणं, विकत घेणं आणि दलाली, तिन्ही गुन्हे.

मागायचं कुणी? २०११ च्या दुरुस्तीनंतर आयसीयूमध्ये अशी वेळ आली की नातेवाइकांना अवयवदानाबद्दल सांगणं आणि विचारणं हे हॉस्पिटलचं कामच आहे. त्यासाठी प्रशिक्षित समन्वयक असतात. बातमी देणारा सर्जन आणि अवयव मागणारा माणूस एकच नसावा, ही त्यामागची साधी समज.

एक गोष्ट मात्र अजून टोचते. ४८ तासांत कुणीही न्यायला आलं नाही अशा मृतदेहाचे अवयव काढायला हॉस्पिटलचं व्यवस्थापन परवानगी देऊ शकतं, अशी तरतूद कायद्यात आहे. ब्रूस टकर आठवतो ना?

मग आईच्या प्रश्नाचं उत्तर काय?

डॉक्टर तिच्याकडेच येणार. किंवा बाबांकडे.

आपण नोंदणी करतो ती आपली इच्छा असते. कायदा तिला किंमत देतो. पण प्रत्यक्षात मेंदूमृत्यू झाल्यावर जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती घेतली जाते. घरचे नाही म्हणाले तर हॉस्पिटल पुढे जात नाही. स्पेनसारख्या देशात १९७९ पासून उलटा कायदा आहे, म्हणजे नाही म्हटलं नसेल तर हो समजायचं. अवयवदानात स्पेन जगात आघाडीवर आहे. पण तिथंही डॉक्टर घरच्यांना विचारतातच.

एक बाजू आणखी आहे. भारतात जिवंतपणी अवयव देणाऱ्यांमध्ये बायकांची संख्या पुरुषांपेक्षा बरीच जास्त आहे आणि घेणाऱ्यांमध्ये पुरुषांची. आई मुलाला देते, बायको नवऱ्याला. प्रेमानं देते हे खरंच. पण घरातल्या कमावत्या माणसासाठी सुनेला हो म्हणायलाच लागलं, असंही होऊ शकतं. म्हणूनच समितीसमोर जाऊन दात्याशी वेगळं बोललं जातं. संमती म्हणजे हो म्हणता येणं. आणि नाही म्हणायचीही तेवढीच मोकळीक असणं.

आता आपल्या गावापुरतं. देऊळगाव राजासारख्या ठिकाणी घरी मृत्यू झाला तर हृदय, यकृत देता येत नाही. त्यासाठी व्हेंटिलेटरवर मेंदूमृत्यू व्हावा लागतो, म्हणजे जालना किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या ठिकाणचं मोठं हॉस्पिटल. पण नेत्रदान घरूनही होतं. सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवायचं, तोवर पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि पंखा बंद करायचा. पूर्ण डोळा काढला तरी चेहरा विद्रूप होत नाही. देहदान हे तिसरंच, ते मेडिकल कॉलेजला शिकण्यासाठी असतं. पोस्टमॉर्टेम झालं असेल तर सहसा स्वीकारत नाहीत.

आणि आपल्याकडे हा विषय लांबचा नाही. समृद्धी महामार्ग जवळून जातो, जालना रोडवर रोज बाईक पळतात. डोक्याला मार लागून मेंदूमृत्यू होणं हे फक्त मुंबई-पुण्यात होतं असं नाही. तशी वेळ आली तर कुठल्या तरी आयसीयूबाहेरच्या बाकावर बसलेल्या एखाद्या आईला हे ठरवायला लागेल. डेनिसच्या वडिलांसारखं. तेव्हा तिला आपल्या लेकराला काय हवं होतं हे आधीपासून माहीत असेल, तर तिला ठरवायचं काही उरत नाही. फक्त पाळायचं उरतं.

आज पश्चिम भारताचं अवयव प्रत्यारोपणाचं समन्वय केंद्र मुंबईत आहे. ते कुठे आहे माहितीये? केईएम हॉस्पिटलमध्ये. जिथं १९६८ मध्ये विचारायचं कुणाला याचा नियम नव्हता, तिथूनच आज विचारायचं कसं हे शिकवलं जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना मी आईला सेन यांची गोष्ट सांगितली. शेतकऱ्याबद्दल तिनं काही विचारलं नाही, सर्जनबद्दलही नाही. तिनं विचारलं त्या रेल्वेतून पडलेल्या पोरीबद्दल, तिच्या घरी कोण होतं म्हणून. मग आम्ही तासभर बोललो. डोळे द्यायला ती लगेच तयार झाली. बाकीचं विचार करून सांगते म्हणाली. मी घाई केली नाही.

तुम्ही नोंदणी केली असेल तर चांगलंच. पण आज रात्री जेवताना घरच्यांना सांगितलं नसेल, तर ती नोंदणी अजून अर्धीच आहे.